प्रतिसाद देणारे चित्र : प्रस्तावना

मोबाइलच्या पडद्यावर वावरणारे, बोटाच्या स्पर्शाला उत्तर देणारे आणि एखाद्या सेवेचा किंवा संस्थेचा चेहरा म्हणून लोकांपुढे येणारे जे सचेतन पात्र, त्यास या पुस्तकात शुभंकर म्हटले आहे. आणि असे पात्र कोणत्या विचाराने घडवावे, त्याला काय करू द्यावे व काय करू देऊ नये, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय वरवर पाहता मुलांच्या करमणुकीचा वाटतो, आणि आमच्या धंद्यातही तो बहुधा त्याच रीतीने हाताळला जातो : सेवेचे सारे बांधकाम पुरे झाले, मसुदे मंजूर झाले, तारीख मुक्रर झाली, की अखेरीस कोणीतरी म्हणतो, “एखादं गोंडस पात्र टाका,” आणि चित्रकाराला बोलावणे धाडले जाते. या पुस्तकाचा सारा रोख या वहिवाटीविरुद्ध आहे. माणूस विजेचे बिल भरत असताना, आईच्या औषधाची वेळ पाहत असताना किंवा उशिरा धावणाऱ्या गाडीची चौकशी करीत असताना जे पात्र दिवसातून अनेकवार त्याच्या डोळ्यांपुढे येणार, त्याचे शील आधी ठरले पाहिजे आणि रूप मागाहून. आणि हे शील त्याच्या हसऱ्या मुद्रेत शोधण्यापेक्षा ते केव्हा पुढे येते, किती वेळ थांबते आणि केव्हा बाजूला होते यात शोधावे, असे माझे मत आहे.

शुभंकर ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून मुंबईत जन्मास आला. ठिपक्याठिपक्यांचा झगा घातलेली अमूलची मुलगी सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी १९६६ साली घडवली, आणि तेव्हापासून ती रस्त्यावरच्या फलकांवरून चालू घडामोडींवर टिप्पणी करीत आली आहे. या दोघांची घडण इतकी पक्की, की फलकावरची अक्षरे झाकली तरी ओळख पटावी. परंतु ही पात्रे बोलतात, ऐकत नाहीत. ऐकण्याची जबाबदारीच त्यांच्यावर कोणी टाकलेली नाही. फलकाखालून जाणाऱ्याने काहीही म्हटले तरी महाराजाची मान जितकी लवलेली तितकीच लवलेली राहणार, आणि त्याबद्दल कोणी त्याला दोष देणार नाही. मोबाइलवरच्या पात्राला मात्र ही मुभा नाही. त्याला हात लागला आणि त्याने दखल घेतली नाही, तर पाहणाऱ्याला ते निर्जीव चित्र वाटत नाही, उद्धट वाटते. बायरन रीव्हज आणि क्लिफर्ड नॅस या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोघा अभ्यासकांनी १९९६ साली ‘द मीडिया इक्वेशन’ या ग्रंथात असे दाखवून दिले, की संगणक निर्जीव आहे हे पक्के ठाऊक असलेली माणसेही त्याच्याशी वागताना माणसामाणसांतले शिष्टाचार पाळतात; ज्या संगणकाने शिकवले त्यानेच ‘माझे शिकवणे कसे वाटले’ असे विचारले तर त्याच्या तोंडावर गोड बोलतात, आणि तोच प्रश्न दुसऱ्या संगणकाने केला तर अधिक मोकळेपणाने खरे सांगतात. चेहरा नसलेल्या यंत्राची ही कथा, तर पापण्या मिटणाऱ्या आणि मान तिरकी करून पाहणाऱ्या पात्राच्या बाबतीत माणसाचे मन किती लवकर गुंतत असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

प्रतिसाद देणाऱ्या चित्राचा इतिहास मोबाइलच्या फार मागे जातो. १९१४ सालच्या फेब्रुवारीत शिकागोच्या पॅलेस थिएटरात विन्सर मॅके या वृत्तपत्रीय चित्रकाराने ‘गर्टी’ नावाची डायनोसॉर पडद्यावर आणली. मॅके स्वतः चाबूक घेऊन रंगमंचावर उभा राही, गर्टीला गुहेबाहेर बोलावी, प्रेक्षकांना वंदन कर म्हणून फर्मावी. ती कधी ऐके, कधी हट्ट धरी, दटावले तर मुसमुसून रडू लागे. त्याने फेकलेले फळ पडद्यावरच्या तिच्या जबड्यात जाऊन पडल्यासारखे दिसे. आणि अखेरीस तो पडद्याआड जाई व त्याच क्षणी चित्ररूपाने तिच्या पाठीवर स्वार होऊन निघून जाई. यासाठी त्याने हजारो चित्रे एकेक करून हाताने काढली होती. मला त्याच्याविषयी जो आदर वाटतो तो त्या संख्येमुळे नव्हे, एका बारीक तपशिलामुळे : गर्टीचे अंग श्वासागणिक किती वेळाने फुगावे व ओसरावे हे ठरवण्यासाठी त्याने घड्याळ लावून स्वतःचा श्वास मोजला होता. उभ्या जागी काहीही न करणारे पात्र जिवंत भासते ते या श्वासामुळे, आणि शुभंकराच्या आयुष्याचा बहुतेक काळ काहीही न करण्यातच जातो.

तथापि त्या प्रयोगात ऐकत कोण होते, हे नीट पाहिले पाहिजे. फीत ठरलेल्या क्रमाने चालली होती, आणि मॅके आपले बोलणे, आपला चाबूक, आपले थांबणे तिच्या चालीशी जुळवून घेत होता. माणूस चित्राच्या तालावर चालत होता व पाहणाऱ्यास उलटे भासत होते. आमच्या वाट्याला ही सोय आलेली नाही. बोट केव्हा पडेल, कोठे पडेल, दोनदा पडेल की पडणारच नाही, यांपैकी काहीच आगाऊ कळत नाही. या बाबतीत मराठी माणसाला अधिक जवळचा गुरू म्हणजे यशवंत पाध्ये यांचा आणि त्यांच्यामागून रामदास पाध्ये यांनी रंगमंचावर नांदवलेला अर्धवटराव हा बोलका बाहुला. त्याचे तिरकस बोलणे लोकांच्या लक्षात राहते. पण शब्दभ्रमाच्या कलेत अभ्यासकाने पाहावे ते बाहुल्याचे ऐकणे. कलावंत बोलत असताना बाहुल्याचे तोंड बंद असते, पण मान त्याच्याकडे वळलेली असते, मधूनच ती प्रेक्षकांकडे वळते, एखाद्या शब्दावर थबकते. आणि समोरच्या रांगेतून अनपेक्षित आवाज आला तर बाहुला प्रथम तिकडे पाहतो व मगच उत्तर देतो. ते आधी पाहणे गाळले, तर पुढच्या विनोदाचा जीवच जातो.

उदाहरणादाखल या पुस्तकात शेकरू घेतले आहे. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी ज्यांनी भीमाशंकरच्या जंगलात पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, की शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते, एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्या झाडावर झेप घेते, आणि त्याची झुपकेदार शेपटी त्याच्या धडाहूनही लांब असते. खाताना ते मागच्या पायांवर तोल सांभाळते, पुढच्या पंजांत फळ धरते आणि शेपटी फांदीच्या पलीकडच्या अंगास लोंबती सोडून वजन तोलते. चित्रकाराला हवे ते बहुतेक सारे येथे निसर्गानेच पुरवलेले आहे : पडद्याची वरची कडा ही फांदी होते, शेपटी हा मनातले सांगणारा अवयव होतो, आणि जमिनीवर न उतरण्याचा स्वभाव हा माणसाच्या कामाच्या मजकुरावर येऊन न बसण्याचा नियम होतो. सूचनापट्टीतल्या चिमुकल्या चिन्हात डोळे, मिशा, तांबूस रंग, सारे नाहीसे होते व उरते ती एकरंगी बाह्याकृती. तिच्यातही शेपटीच्या वळणावरून शेकरू ओळखू आले पाहिजे, म्हणून आम्ही आरंभ चेहऱ्यापासून न करता या आकृतीपासून केला आहे. पाहणाऱ्याच्या मनावर चेहऱ्याची मोहिनी इतकी पडते, की चेहरा आधी काढला तर आकृतीचे दोष कोणालाच दिसत नाहीत.

आता फांदीवर पेंगणाऱ्या या शेकरूला बोट लागले असे समजू. एकदशांश सेकंदाच्या आत पडद्यावर काही घडले नाही, तर स्पर्श आणि उत्तर यांचा संबंध मनात जुळत नाही. संगणकाशी होणाऱ्या व्यवहारातील विलंबाविषयीचा हा अंदाज रॉबर्ट मिलर यांनी १९६८ सालीच मांडला होता, आणि आजही तो मार्गदर्शक मानला जातो. इतक्या अल्प अवधीत झेप घेणे शक्य नाही, हसणे शक्य नाही, बोलणे तर नाहीच. परंतु कानांची टोके ताठ होऊ शकतात. म्हणून आधी कान. कानांपाठोपाठ डोळा उघडतो आणि बुबुळ स्पर्शाच्या जागेकडे सरकते, मग मान, मानेमागून खांदे व धड, आणि शेपटीचे टोक सर्वांत शेवटी, बाकीचे शरीर स्थिरावल्यावरही किंचित हलत राहते. सारा प्रकार पाऊण सेकंदात आटोपतो आणि पाहणाऱ्याला त्यातला कोणताही टप्पा वेगळा दिसत नाही. पण हा क्रम उलटा करून शेपटी आधी हलवली, तर तेच शेकरू कोणीतरी दोरीने ओढल्यासारखे दिसू लागते. डिस्नेच्या चित्रशाळेत आयुष्य घालवलेल्या फ्रँक टॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ सालच्या ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात सचेतन चित्रांची जी बारा तत्त्वे नोंदवली आहेत, त्यांत उडीपूर्वी पात्राने अंग आकसून घ्यावे, म्हणजे प्रेक्षकाला पुढे काय होणार याची पूर्वसूचना मिळते, असे एक तत्त्व आहे. चित्रपटाला ते शिरोधार्य; मोबाइलवर मात्र ते जसेच्या तसे लावले तर प्रत्येक उत्तर उशिरा येते, कारण येथे पूर्वसूचना पाहणाऱ्याच्याच बोटाने दिलेली असते. आधी दखल, मग अंग आकसणे, मग उडी, असा क्रम आम्ही बांधला आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे चित्रपट सोडून या क्षेत्रात येणाऱ्या कुशल चित्रकारांना सर्वांत जड जाते ते हेच. पापणीविषयीही थोडेसे सांगितले पाहिजे. माणसाची पापणी मिनिटाला सुमारे पंधरा ते वीस वेळा लवते, परंतु ती सारख्या अंतराने कधीच लवत नाही. पात्राच्या पापणीला ठरावीक अंतर दिले, की पाहणारा नकळत ते मोजू लागतो आणि मग त्याचे लक्ष शेकरूवरून उडून यंत्रावर जाते.

चित्रपटातल्या प्रत्येक चौकटीला तिच्यापुढची चौकट ठरलेली असते. आमच्याकडे प्रत्येक क्षणातून अनेक वाटा फुटतात, आणि त्या सर्व वाटा बांधाव्या लागतात. शेकरूच्या झोप, जाग, कुतूहल, आनंद, संभ्रम, खाणे, झेप अशा दहा अवस्था धरल्या, तर प्रत्येकीतून उरलेल्या नऊंत जाण्याच्या मिळून नव्वद वाटा होतात, आणि इतक्या हालचाली रेखाटणे कोणत्याही पथकाच्या आवाक्याबाहेरचे असते. मध्ये एक विसाव्याची मुद्रा ठेवली आणि प्रत्येक अवस्थेने तिच्यातूनच यावे-जावे असा दंडक घातला, तर वाटा वीसवर येतात. रूढ तोडगा तो हाच, व तो चुकीचा नाही. फक्त त्यात एक वैगुण्य राहते. ऐन झेपेत असताना दुसऱ्यांदा बोट लागले, तर शेकरूने आधी फांदीवर परत यावे, विसावा घ्यावा आणि मग पाहावे, हा कारभार सरकारी कचेरीतल्या अर्जासारखा होतो. म्हणून जेथे माणसाचा उतावीळपणा संभवतो अशा मोजक्या जागी थेट वाटा बांधाव्या लागतात, आणि त्या कोणत्या हे चित्रे काढून कळत नाही, लोकांच्या हातात फोन देऊन मुकाट्याने बाजूला बसल्यावर कळते.

शुभंकर केव्हा पुढे यावा या प्रश्नावर सर्वांत मोठा धडा मायक्रोसॉफ्टच्या ‘क्लिपी’ने दिला आहे, आणि ते पात्र मोबाइलवरचे नसले तरी त्याला वगळून या विषयाचा विचार करता येत नाही. ‘ऑफिस ९७’बरोबर आलेली ही डोळे-भुवयांची पेपरक्लिप केव्हन ॲटबेरी यांनी रेखाटली होती, आणि चित्र म्हणून ती मला आजही उत्तम वाटते, एका वाकवलेल्या तारेतून संशय, आश्चर्य, कंटाळा असे भाव उमटवणे हे सामान्य कसब नव्हे. तरीही लोक तिला विटले. पत्राचा मायना लिहिला रे लिहिला, की ती टकटक करीत पुढे येई आणि पत्र लिहिण्यास मदत हवी काय असे विचारी. कितीही वेळा नकार दिला तरी पुढच्या पत्राच्या वेळी तोच प्रश्न, तोच उत्साह. नॅस यांनी यावर नेमके बोट ठेवले आहे, की वर्षानुवर्षे सोबत राहूनही तिने कधी कोणाची आवडनिवड जाणून घेतली नाही. यामागची हकीकत अशी, की मायक्रोसॉफ्टच्याच संशोधन विभागात एरिक हॉर्विट्झ व त्यांचे सहकारी ‘लुमिएर’ या प्रकल्पात माणसाच्या हालचालींवरून व त्याच्या कौशल्यावरून त्याला खरोखर काय हवे असेल याचा संभाव्यतेच्या गणिताने अंदाज बांधीत होते. पण प्रत्यक्ष विक्रीस आलेल्या सहायकात त्या संशोधनाचा थोडाच भाग उतरला, आणि एकेका माणसाविषयीची दीर्घ स्मृती गाळली गेली. २००१ सालच्या आवृत्तीत क्लिपी आपण होऊन पुढे येईनाशी झाली आणि २००७ सालच्या आवृत्तीतून ती काढूनच टाकण्यात आली. हॉर्विट्झ यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मदतीचा संभाव्य लाभ आणि व्यत्ययाची किंमत यांचा हिशेब मांडून मगच यंत्राने तोंड उघडावे, असे प्रतिपादले आहे. हा हिशेब क्लिपीच्या मागे कोणी मांडला असता तर आज तिचे नाव थट्टेने घेतले गेले नसते, आणि एका चांगल्या चित्रकाराचे काम चेष्टेचा विषय झाले नसते.

याच्या शेजारी जपानचे उदाहरण ठेवून पाहावे. एनटीटी डोकोमो या कंपनीच्या फोनांवर ‘माचिक्यारा’ नावाची छोटी पात्रे स्थिर पडद्यावर हिंडत असत आणि न घेतलेला फोन, आलेले पत्र यांची वर्दी देत असत. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याच कंपनीने ‘आय-कॉन्सिएर’ ही सेवा सुरू केली, आणि तिचा चेहरा म्हणून बटलरचा पोशाख केलेला एक मेंढा पडद्यावर आणला. माणसाने आपले राहण्याचे ठिकाण, आपला नित्याचा रेल्वेमार्ग त्याच्याकडे नोंदवावा, आणि गाड्या विस्कळीत झाल्या किंवा हवामानाचा इशारा निघाला, की मेंढ्याने येऊन कळवावे. मेंढा गोंडस आहे, पण त्याचे यश गोंडसपणाचे नव्हे. त्याला एक हुद्दा दिलेला आहे, आणि त्या हुद्द्याचे संकेत सर्वांना ठाऊक आहेत : सेवकाने बातमी घेऊन यावे, थोडक्यात सांगावी आणि मागे सरावे. हुद्दा ठरला की शेकडो बारीक निर्णय आपोआप ठरतात. आमच्या शेकरूला आम्ही पहारेकऱ्याचा हुद्दा दिला आहे; प्रत्यक्ष जंगलातही धोका दिसताच शेकरूच्या ओरडण्याने इतर प्राणी सावध होतात, आणि धोका नसताना पहारेकरी बोलला नाही तर कोणाला त्याचे वाईट वाटत नाही.

‘टॉकिंग टॉम’ या मांजराचाही येथे उल्लेख करतो. स्लोव्हेनियातील आउटफिट७ या कंपनीने २०१० साली आणलेले हे मांजर आपण बोललेले वाक्य चिरक्या आवाजात परत बोलून दाखवते, याखेरीज त्याला बुद्धी नाही. परंतु समोरचा बोलू लागला, की ते कानाशी हात नेऊन ऐकते. लहान मुलांनी त्याच्यावर जे प्रेम केले त्यात या हाताचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे पुस्तक लिहावेसे वाटले तिच्याकडे वळतो. पात्राविषयी माया उत्पन्न करणे हे आमचे कसब आहे, आणि उत्पन्न झालेल्या मायेचा वापर कोणाच्या लाभासाठी होतो याची जबाबदारी आम्हांला झटकता येत नाही. १९९६ च्या नोव्हेंबरात बांदाई कंपनीने योकोई आकिहिरो आणि माइता आकी यांच्या कल्पनेतले ‘तामागोची’ जपानात विक्रीस आणले. अंड्याच्या आकाराचे खेळणे, तीन कळा, आणि ठिपक्यांनी बनलेला एक जीव, ज्याला वेळेवर खाऊ घातले नाही तर तो मरतो. मुले ते शाळेत घेऊन जाऊ लागली, कारण घरी ठेवले तर ते मरेल ही भीती. आणि अनेक शाळांना त्यावर बंदी घालावी लागली. इतक्या थोड्या ठिपक्यांतून इतकी माया निर्माण व्हावी हा कलेचा विजय आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या मायेला भीतीची जोड दिली, ती पुढे अनेकांनी उचलली. डुओलिंगो या भाषाशिक्षणाच्या ॲपचे हिरवे घुबड पाहा. अभ्यास राहिला, की फोनच्या मुख्य पडद्यावर त्याचा चेहरा दिवसाच्या ओघात अधिकाधिक त्रस्त होत जातो. बरेच दिवस दुर्लक्ष झाले, तर ‘या आठवणींचा उपयोग होत नाही असे दिसते, तेव्हा आम्ही त्या थांबवतो’ अशा आशयाचा निरोप येतो, आणि तो वाचून माणसाला सुटल्यासारखे न वाटता अपराधी वाटते. लोकांनी त्याच्यावर इतके विनोद केले, की २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीने या घुबडाच्या मृत्यूची घोषणाच जाहिरात म्हणून केली. अभ्यासाची आठवण देणे गैर नाही. शिस्त लावणाऱ्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला चित्राच्या रडवेल्या तोंडापुढे खजील करणे, हा कलेचा दुरुपयोग आहे, आणि त्याने शिकणाऱ्यांची संख्या वाढत असली तरी माझे मत बदलणार नाही.

यावरून आम्ही दोन नियम घातले. शेकरू माणूस आल्याचा आनंद दाखवील, न आल्याचे दुःख कधीच दाखवणार नाही. महिनाभर कोणी फिरकले नाही तर ते घरट्यात झोपलेले असेल, रोडावलेले नसेल, आणि जागे केल्यावर गैरहजेरीचा हिशेब विचारणार नाही. दुसरा नियम अधिक कडक : कर्ज, विमा, वर्गणी किंवा खासगी माहिती देण्याची संमती, अशा कोणत्याही कागदावर शेकरूने हजर राहू नये. ज्या पात्राने सकाळी पावसाची वर्दी दिली त्याच पात्राने संध्याकाळी व्याजाच्या अटींखाली सही करण्याचा आग्रह धरला, तर सकाळी कमावलेला विश्वास संध्याकाळी विकला जातो, आणि विकणारा तो विश्वास ज्याने ठेवला त्याला विचारीत नाही. या नियमावर ग्राहक कंपन्यांशी वाद होतात, आणि ते व्हावेत. आरंभीच्या करारातच हे कलम घालून घ्यावे, असा माझा सल्ला आहे.

शेकरू मराठी बोलू लागले, की आणखी एक कठीण जागा येते, आणि परदेशी ग्रंथांत तिची वाच्यताही आढळत नाही. आपल्या भाषेत पात्राने पहिले वाक्य उच्चारताच ते पुरुष की स्त्री हे ठरून जाते : ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’, ‘मी सांगतो’ किंवा ‘मी सांगते’. ज्यांना हे ठरवायचे नसेल त्यांच्यासाठी भाषेतच वाटा आहेत. ‘मी पाहिलं’, ‘मी सांगेन’, ‘मला वाटतं’, ‘माझ्या लक्षात आलं’ या वाक्यांत बोलणाऱ्याचे लिंग उघड होत नाही, आणि शेकरूचा बहुतेक संवाद अशा वाक्यांवर निभावता येतो. समोरच्याचीही तीच कथा : ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे फोनला ठाऊक नसते, आणि ते विचारणे म्हणजे नाहक चौकशी; ‘तुम्ही आलात’ म्हटले, की ती अडचण दूर होते आणि अदबही राहते. मुलांच्या ॲपमध्ये मात्र ‘तुम्ही’ परके वाटते, तेथे वाक्यांची रचनाच बदलावी लागते. ओठांच्या हालचालींच्या बाबतीत आपली वर्णमाला फार मोठे साहाय्य करते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी उच्चारस्थानांची विभागणी आपल्या पूर्वसूरींनी करूनच ठेवलेली आहे. चित्रकाराने तिच्यातून एवढेच वेचावे, की प-वर्गाला ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत, उ-ओ यांना ओठांचा चंबू हवा, आ-ला जबडा उघडा हवा, आणि क, ट, त या वर्गांतले भेद तोंडाच्या आत घडत असल्याने ते दाखवण्याचा अट्टहास करू नये. ‘पाऊस पडतोय’ म्हणताना दोन्ही प-वर ओठ मिटले, तर उरलेल्या अक्षरांत थोडी ढिलाई चालते. ते मिटले नाहीत, तर बाकी सारे अचूक असूनही आवाज दुसरीकडूनच येत असल्याचा भास होतो.

साधनांविषयी या प्रस्तावनेत फार लिहीत नाही. रेषांच्या गणितातून हालचाल साठवणारी ‘लॉटी’ ही पद्धत एअरबीएनबी कंपनीने २०१७ साली खुली केली, आणि तिला नाव दिले ते काळ्या कागदाच्या कातरकामातून १९२६ साली पूर्ण लांबीचा सचेतनपट उभा करणाऱ्या जर्मन चित्रकर्ती लॉटे रायनिगर यांचे. अवस्था आणि त्यांमधल्या वाटा बांधण्यासाठी ‘राइव्ह’सारखी साधने आली आहेत, उद्या आणखी येतील. मात्र फोनच्या मालकाने हालचाली कमी करण्याची जी खूण केलेली असते, ती पाळण्यास कोणत्याही सबबीवर टाळाटाळ करू नये. २०१३ साली आयफोनच्या सातव्या प्रणालीत पडदे झेपावू लागले, तेव्हा अनेकांना त्याने खरोखरीची भोवळ व मळमळ झाली, आणि हालचाली आवरण्याची सोय वाढवावी लागली. ज्याने ती खूण केली त्याच्यासाठी शेकरू स्थिर बसेल, फक्त मुद्रा बदलेल. श्वाससुद्धा घेणार नाही. मॅकेच्या शिष्याला हे लिहिताना जड जाते, पण माणसाची प्रकृती चित्राच्या श्वासाहून मोठी आहे.

पुढील प्रकरणे ज्या क्रमाने छापली आहेत त्याच क्रमाने वाचावीत असा आग्रह नाही. चित्रकाराने आकृतीच्या प्रकरणापासून, आणि कंपनीच्या कारभाऱ्यांनी संमतीच्या प्रकरणापासून आरंभ करावा. वाचकांस एकच विनंती आहे. आपल्या पात्राची पहिली परीक्षा कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर घेऊ नये. दोन-तीन वर्षे वापरलेला, साठवण भरत आलेला, पडद्याला तडा गेलेला एखादा स्वस्त फोन मागून घ्यावा, आवाज बंद करावा, उन्हात उभे राहून एका हाताने तो वापरावा, आणि जो माणूस कामाच्या घाईत आहे अशाच माणसाच्या हाती तो द्यावा. तेथे पात्र वाटेत येत असेल, तर आवडते चित्र असले तरी ते काढून टाकावे.